हणमंतरावांचं कण्हणं

बेंगळुरूतल्या बनशंकरी भागातल्या एका चार मजली इमारतीच्या तळघरात, रविवारी सकाळी सात वाजता, पन्नासेक माणसं जमली होती. कुणी पार्किंगच्या खांबांना टेकून, कुणी वर रस्त्याकडे जाणाऱ्या चढणीवर, तर कुणी दुसऱ्याच्या स्कूटरवर बैठक मारून. मधोमध एक जुनी पांढरी गाडी उभी होती. चारी चाकांशी लिंबं, बॉनेटवर हळदीकुंकू, पुढच्या काचेवर विभूतीचे पट्टे. स्टिअरिंगमागे नयना बसली होती.

"चालू करा," पवनस्वामी म्हणाले.

तिनं किल्ली फिरवली. इंजिन लागलं. ऑटोमॅटिक गाडी, क्लच नाही. तिनं ब्रेक दाबून दांडा 'डी'वर ओढला आणि पाय उचलला. गाडी हलली नाही. एक श्वास, दोन श्वास, तीन. कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी ती जागच्या जागी थांबली, मग हिसका देऊन सरकली आणि चढणीला लागताच तिच्या पोटातून तो आवाज आला.

हूंऽऽऽऽ.

बारीक सुरू होऊन चढत जाणारा, मध्येच घशात अडकून तुटणारा, पुन्हा उठणारा. तळघराच्या भिंतींनी तो दुप्पट करून परत दिला. गर्दीतल्या बायकाबाप्यांनी हात जोडले. चढणीवरचे लोक भिंतीला चिकटले. नयनानं आरशात बघायचं टाळलं. गेले दहा दिवस ती मागची सीट दाखवणारा आरसा छताकडे वळवूनच गाडी चालवत होती.

"तेच," तिच्या सासूबाई, शारदाबाई, खांबाआडून म्हणाल्या. "अगदी असेच कण्हायचे हो."

पवनस्वामींनी डोळे मिटले. भगवं रेशमी उपरणं, मनगटावर महागडं घड्याळ, आवाजात मध. "ऐकलंत? आत्मा म्हणजे काय? एनर्जी! एनर्जीला काय पाहिजे? बॉडी! हणमंतरावांची बॉडी अग्नीनं नेली. सरी, बरोबर? मग आत्म्यानं काय केलं? शेवटचा प्रवास जिच्यातून केला, ती बॉडी धरली. गाडीला पण बॉडी असते की नाही? गॅरेजवाले काय म्हणतात? बॉडीचं काम! ते काय उगाच म्हणतात?"

लोकांनी माना डोलावल्या. गॅरेजवाल्यांना एवढं तत्त्वज्ञान ठाऊक असतं हे कुणालाच माहीत नव्हतं.

गाडी पुन्हा खाली आणून उभी केली गेली. "इंजिन बंद करायचं नाही," स्वामींनी बजावलं. "आत्म्याला उष्णता लागते." मग त्यांनी गाडीभोवती फिरत जप सुरू केला. वीस मिनिटं जप, वीस मिनिटं इंजिनाची घरघर, कापूर, धूर, ठसका. जप संपल्यावर त्यांनी नयनाला उतरवलं आणि तिच्या नवऱ्याला, रत्नाकरला, गाडीत बसवलं. रत्नाकरनं दांडा ओढला. गाडी लगेच निघाली आणि गुपचूप चढण चढून वर गेली. मग शेजारच्या श्रीविद्याअक्कांचे यजमान बसले. तरीही गाडी गप्प.

"आता कळलं ना, ते कुणाच्या हाताखाली रडतात?" स्वामी हळूच म्हणाले. ते नयनाकडे वळले. "शेवटच्या प्रवासात तू त्यांना काहीतरी बोललीस. लागेल असं. खरं की नाही?"

नयनानं मान खाली घातली. कारण ती बोलली होती.

जुलैतली गोष्ट. रत्नाकर बँकेच्या कामासाठी हुबळीला गेलेला. पहाटे हणमंतरावांच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. शारदाबाई नातीपाशी, सहा वर्षांच्या ईरापाशी, थांबल्या आणि नयना एकटी सासऱ्यांना घेऊन निघाली. याच गाडीतून, याच चढणीवरून. मागच्या सीटवर पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून ते कण्हत होते. सिग्नलला गाड्या हलेनात, मागचा हॉर्न थांबेना, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, जरा गप्प बसा ना!" ते गप्प बसले. इस्पितळ येईपर्यंत एक शब्द नाही. दुपारी ते गेले. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मग या माणसाला कसं कळलं?

स्वामींनी निवाडा दिला. बुधवारी नयनानं देवनहळ्ळीजवळच्या त्यांच्या आश्रमात जायचं. एक मंडल, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, तिथे सेवा करायची. फोन नाही, भेट नाही. मूल घरीच राहील. आईची सावली मुलावर पडता कामा नये. पुढे काय ते आत्मा सांगेल.

"अठ्ठेचाळीस दिवस ईराला सोडून?" नयना रत्नाकरकडे बघत म्हणाली.

रत्नाकर चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. "आईची अवस्था बघतेस ना तू," तो म्हणाला.

शारदाबाईंची अवस्था खरंच बघवत नव्हती. पहिल्यांदा आवाज आला तो दसऱ्याच्या सुट्टीत उभीच असलेली गाडी शाळा उघडली त्या सकाळी पुन्हा काढली तेव्हा. ईरा किंचाळली, नयनानं गाडी तशीच सोडून लेकीला उचलून बाहेर धाव घेतली. दुसऱ्या दिवशी आवाज ऐकायला शारदाबाई स्वतः खाली आल्या. तिसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी गरम पाण्याची पिशवी भरून आणायच्या, मागच्या सीटवर ठेवायच्या आणि रिकाम्या सीटवरून हात फिरवायच्या. त्यांना जेवण जाईना. श्रीविद्याअक्कांना दया आली आणि त्यांनी पवनस्वामींना आणलं. "फार मोठे आहेत, स्वल्पसुद्धा काही सांगावं लागत नाही त्यांना," अक्का म्हणाल्या होत्या. आणि खरंच, आल्या आल्या स्वामींनी विचारलं होतं, "रोज सकाळीच ना? पहिल्यांदा काढताना? मग हळूहळू शांत होतं?" सगळे थक्क झाले होते.

नयना रसायनशास्त्राची एम.एस्सी. होती, लग्नाआधी नाशिकला तीन वर्षं प्रयोगशाळेत काम केलेली. पण डिगरी कपाटात असते आणि अपराधीपणा छातीत. रोज सकाळी त्या चढणीवर तिला मागून कण्हणं ऐकू यायचं, बामाचा वास यायचा, आणि मनात एकच वाक्य फिरायचं: मी त्यांना गप्प बसवलं, म्हणून ते आता बोलतायत. अशा माणसाला भूत दाखवायला स्वामी लागत नाही. स्वामी फक्त येऊन भूतावर आपला हक्क सांगतो.

सोमवारी सकाळी ती ईराला घेऊन निघाली. चढणीवर तेच थांबणं, तोच हिसका, तेच हूंऽऽऽ. ईरा आता घाबरत नव्हती. मुलांना कशाचीही सवय होते. कनकपुरा रस्ता ओलांडून शाळेची गल्ली आली तेव्हा ती म्हणाली, "आई, आजोबा इथे आल्यावर रडायचं का थांबतात? त्यांना माझी शाळा आवडते?"

"रोज इथेच थांबतात?"

"हो. आधी त्या बेकरीपर्यंत मोठ्यांदा रडतात, मग हळू, मग शाळा आली की थांबतात. परवा ट्रॅफिक होता ना, तेव्हा बेकरीच्या आधीच थांबले."

लेकीला उतरवून नयना गाडीतच बसून राहिली. बेकरीच्या आधीच थांबले. म्हणजे जागेशी संबंध नाही. गाडी किती वेळ चालू आहे त्याच्याशी आहे. बाबांच्या कळा तर वेळ जाईल तशा वाढत गेल्या होत्या. हे कण्हणं वेळ जाईल तसं कमी होतं. आणि काल स्वामींनी इंजिन बंद करू दिलं नव्हतं. वीस मिनिटं! ती आधी थंड गाडीत बसली आणि रत्नाकर नंतर गरम गाडीत बसला. प्रयोगशाळेत कुणी अशी चाचणी केली असती तर तिनंच त्याला झापलं असतं.

तिनं आरसा हात लावून खाली केला. मागची सीट रिकामी होती. गरम पाण्याची पिशवी तेवढी पडली होती, आतापर्यंत थंड झालेली.

समोरच्या कप्प्यात कागद उलटेपालटे करताना तिला हणमंतरावांच्या अक्षरातली चिठ्ठी मिळाली: "नागोजी, गिअरबॉक्स, यशवंतपूर" आणि फोन नंबर. तासाभरानं ती यशवंतपूरच्या मालधक्क्यामागच्या गल्लीत एका पत्र्याच्या शेडसमोर उभी होती.

नागोजी साठीचा, काळासावळा, दोन्ही कानांत मोडक्या भिकबाळ्या. त्याचं घराणं चार पिढ्या बेंगळुरूत, त्यामुळे त्याच्या मराठीत कन्नड सुखानं नांदत होतं. गाडी बघून तो खुशीत पुढे आला. "काय अक्का, सर नाही आले? अष्टमीला वाट बघितली की मी त्यांची."

"ते गेले, नागोजीअण्णा. जुलैत."

नागोजीनं हातातलं फडकं घडी करून बाकावर ठेवलं. मग नयनानं त्याला सगळं सांगितलं. लिंबं, जप, आश्रम, सगळं. फक्त ते एक वाक्य सोडून.

"स्वामीचं नाव काय म्हणालात?"

"पवनस्वामी."

"उंच? उजव्या भुवईत खोक?" तो हसला नाही. "अक्का, आता गाडी गरम आहे. आता ती खोटं बोलणार. उद्या सकाळी मीच येतो. रात्रभर कुणी हात लावायचा नाही तिला. आणि घरच्या सगळ्यांना खाली बोलवा."

मंगळवारी पावणेसातला तो खांद्यावर पिशवी लटकवून हजर झाला. शारदाबाईंनी गरम पाण्याची पिशवी मागच्या सीटवर ठेवलीच होती. रत्नाकर नाराज होता. श्रीविद्याअक्का आणि निम्मी इमारत स्वामींनी सांगितलेल्या आरतीसाठी जमली होती. सातच्या ठोक्याला पवनस्वामी उतरणीवरून झुलत खाली आले आणि बॉनेटपाशी वाकलेल्या माणसाला बघून मध्येच थांबले.

"या, या," नागोजी म्हणाला. "तुमचीच कमी होती."

त्यानं नयनाला गाडी चालू करायला सांगितली, पण दांडा हलवू दिला नाही. गाडी जागच्या जागी. "आता पाय दाबा. हळू." हूंऽऽऽ. "सोडा." आवाज खाली आला. "दाबा." वर गेला. रविवारी ज्यांनी हात जोडले होते त्यांच्यापैकी दोघांनी आता खिशात घातले.

"सर मागच्या सीटवर असतील तर आवाज मागून यायला पाहिजे की नाही?" नागोजीनं हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला. "अम्मा, तुम्ही या. याची मूठ कानाला लावा. भिऊ नका." त्यानं दुसरं टोक मागच्या सीटखालच्या पत्र्याला टेकवलं. "ऐकू येतं?"

शारदाबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. "नाही."

मग तो त्यांना हाताला धरून पुढे घेऊन आला आणि टोक बॉनेटच्या आत, खोल, गिअरबॉक्सच्या डब्याला टेकवलं. शारदाबाईंनी दचकून मूठ सोडली. नागोजीनं ती पुन्हा त्यांच्या हातात दिली. या वेळी त्यांनी सोडली नाही.

"इथे आहे," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"हे आत्म्याचं केंद्रस्थान—" स्वामींनी सुरुवात केली.

"हे ऑइल पंपाचं स्थान आहे." नागोजीनं चालू इंजिनातच गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, बाहेर ओढली, पुसली, पुन्हा घालून काढली आणि सगळ्यांसमोर धरली. खुणेच्या खूप खाली टोकाला लालसर ओल होती, बस्स. "आता बघा." त्यानं इंजिन बंद करायला लावलं, लोकांना दहा मिनिटं बोलत ठेवलं, आणि तीच पट्टी पुन्हा घातली. आता ऑइल खुणेला टेकलं होतं.

गर्दीत कुजबुज झाली. खरा चमत्कार तर आत्ता घडला होता.

"तुमच्या बिल्डिंगला संप आहे ना, जमिनीखालची पाण्याची टाकी? मोटर चालू केली की पाणी वर चढतं, संप रिकामा दिसतो. वरचं पाणी खाली सोडलं की संप भरलेला दिसतो. पाणी तेवढंच! ही गाडी पण तशीच. चालू असताना पंप ऑइल वर ओढून घेतो, बंद केली की सगळं खाली उतरतं. म्हणून हे ऑइल बघायचं गरम गाडीत, चालू इंजिनात. बंद गाडीत बघितलं तर जास्तच दिसणार." त्यानं पट्टी फडक्यात गुंडाळली. "कुणीतरी बंद गाडीत बघितलंय. जास्त झालं म्हणून काढलंय."

मग रत्नाकरचा आवाज आला, अगदी बारीक.

"मी काढलं. खंडेनवमीला."

दसऱ्याच्या आदल्या दिवशीची ही पूजा, इथे तिला आयुधपूजा म्हणतात. हणमंतराव सरकारी यंत्र-कारखान्यात चाळीस वर्षं फोरमन होते. त्यांच्या घरात ती दिवाळीहून मोठी. त्या दिवशी पूजा होईपर्यंत एकही यंत्र चालू करायचं नाही, मिक्सरसुद्धा नाही; यंत्रानं विश्रांती घ्यायची. पहाटे उठून ते बंद गाडीचं बॉनेट उघडायचे, ऑइल बघायचे, पुसायचे, मग फूल वाहायचे. यंदा घरात सण नव्हता, पण "माणसाला सुतक असतं, अवजाराला नाही," असं ते म्हणायचे म्हणून रत्नाकरनं एवढं एक चुकवलं नाही. वडिलांसारखंच त्यानं बंद गाडीचं बॉनेट उघडलं. दोन पट्ट्या दिसल्या. दोन्ही तपासल्या. दुसरीवर ऑइल खुणेच्या कितीतरी वर होतं. नळी घालून त्यानं दीड बाटली काढून घेतलं, खुणेबरोबर केलं आणि वडिलांच्या आठवणीनं डोळे पुसले.

"मी बाबांसारखंच केलं हो," तो म्हणाला.

"सर नवमीला इंजिनचंच ऑइल बघायचे, साहेब. ते बंद गाडीतच बघायचं असतं. गिअरबॉक्सचं बघायला अष्टमीलाच माझ्याकडे यायचे, गाडी चालवत, गरम गरम. चालू इंजिनात मी बघायचो, ते शेजारी उभे. का तसं बघायचं, हे मला त्यांनीच शिकवलं." नागोजीनं पट्टी पुसून परत जागेवर बसवली. "तुम्ही नवमी बघितलीत. अष्टमी नाही बघितली."

पुढचं त्यानं भराभर सांगितलं. ऑइल कमी पडलं की पंप हवा ओढतो, आणि हवा ओढणारा पंप कण्हतो. ऑइलचा जोर नाही म्हणून गाडी गिअर धरायला वेळ घेते, मागून कुणी धरल्यासारखी. चढणीवर उरलेलं ऑइल मागे सरकतं, म्हणून तिथे आवाज जास्त. गरम झाल्यावर ऑइल फुगतं, पातळी स्वल्प वर येते, आवाज थांबतो. "थंड गाडी रोज नयनाअक्काच काढतात. साहेब शाळेची फेरी झाल्यावर गरम गाडी नेतात. मग ती कुणाच्या हातात रडणार?"

बोलता बोलता त्यानं नवा डबा फोडला, इंजिन चालू केलं आणि फनेलमधून लाल ऑइल थोडं थोडं ओतत गेला. कण्हणं फाटलं, बारीक झालं, एकदोनदा उचकी दिल्यासारखं आलं आणि थांबलं. तळघरात नुसती इंजिनाची गुरगुर उरली.

"रविवारच्या जपाचं फळ!" पवनस्वामी हात उंचावून म्हणाले. "थोडं उशिरा, पण प्रभाव—"

"पवन, काढू का परत दीड बाटली?" नागोजीनं विचारलं. "उद्या सकाळी थंड गाडीपुढे, इंजिन बंद ठेवून जप कर. मग नयनाअक्का चालू करतील. नाही कण्हली, तर मीच येतो तुझ्या आश्रमात झाडू मारायला." आणि तो लोकांकडे वळला. "माझ्या शेडशेजारी सहा वर्षं जुन्या गाड्या विकायचा हा. गिअरबॉक्स कुरकुरत असला की गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास गाडी चालू ठेवायचा. गरम झाली की गप्प. तेव्हा जप नव्हता, रेडिओ लावायचा."

स्वामींचा फोन वाजला. निदान त्यांनी तो कानाला तरी लावला, आणि अतिशय तातडीच्या आवाजात बोलत ते चढण चढून गेले. उपरण्याचं टोक श्रीविद्याअक्कांच्या स्कूटरच्या आरशात अडकलं. त्यांनी ते सोडवलंही नाही, नुसतं ओढून नेलं. अक्का खजील होऊन नयनाचा हात धरून उभ्या राहिल्या.

आणि ते वाक्य? "तू त्यांना काहीतरी बोललीस"? ते कुठल्याही घरी जाऊन म्हणा. आजारी माणसाला एकदाही टाकून बोलला नाही असा घरचा माणूस सापडायचा नाही. म्हणूनच मेलेल्या माणसाच्या नावानं दुकान मांडणं इतकं सोपं असतं. दहा दिवस एक सबंध इमारत एका पंपाला नैवेद्य दाखवत होती आणि एक आई आपल्या लेकीला सोडून निघायच्या बेतात होती. कुणी एकानं जरी विचारलं असतं, की आवाज कधी येतो, कधी थांबतो, कुठून येतो, तर पहिल्याच दिवशी संपलं असतं. हे तीन प्रश्न विचारायला डिगरी लागत नाही. सहा वर्षांच्या मुलीला जमले. तुमच्या घरात काही कण्हू लागलं तर आधी तेवढं विचारा. पाया पडायचं ते नंतर पडता येईल.

गर्दी पांगली. रत्नाकर नागोजीची पिशवी उचलून त्याच्याबरोबर वर गेला; जाताना तो नयनापाशी थांबला आणि "मी तुला जायला लावायला नको होतं," एवढंच म्हणाला. ते पुरेसं नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं.

तळघरात सासू-सून उरल्या. शारदाबाई मागचं दार उघडून सीटकडे बघत उभ्या होत्या. नयनाला वाटलं, यांचा माणूस आज दुसऱ्यांदा गेला आणि तोही माझ्यामुळे.

"आई," ती म्हणाली, "मी बोलले होते बाबांना. त्या दिवशी सिग्नलला. गप्प बसा म्हणाले."

शारदाबाई वळल्या. "एवढंच?" त्या म्हणाल्या. "अगं, मी चाळीस वर्षं रोज म्हणत होते."

नयना रडू लागली. शारदाबाईंनी वाकून सीटवरची गरम पाण्याची पिशवी उचलली आणि छातीशी धरली.

"बरं झालं बाई, ते नव्हते," त्या म्हणाल्या. "इतके दिवस मला वाटत होतं, त्यांना अजून दुखतंय."

मग त्यांनी पिशवीचं बूच फिरवलं आणि सगळं पाणी चढणीच्या कडेच्या नालीत ओतून टाकलं.